प्राजक्त पहाटेच का गळतो?

प्राजक्ताचं फूल सहसा कुणी तोडत नाही, वेचतात. एरवी पूजेच्या फुलांबाबत घरातली मोठी माणसं फार काटेकोर असतात. खाली पडलेलं फूल देवाला वाहायचं नाही, वास घेतलेलं वाहायचं नाही, शिळं तर नाहीच नाही. प्राजक्ताला आणि बकुळीला मात्र यातल्या पहिल्या अटीतून सूट आहे. परडी घेऊन झाडाखाली बसायचं, काड्या-पानं बाजूला सारायची आणि ओलसर मातीवरचं एकेक फूल केशरी देठाला धरून अलगद उचलायचं. श्रावणापासून दिवाळीपर्यंत महाराष्ट्रातल्या कितीतरी अंगणांत सकाळ अशीच सुरू होते.

झाडावर रात्रभर फुललेली फुलं उजाडता उजाडता एकदम का गळतात, याचं उत्तर पुराणकथांनी एका प्रकारे दिलं आहे आणि वनस्पतिशास्त्राने दुसऱ्या प्रकारे. मला दोन्ही आवडतात. पण शास्त्राचं उत्तर फार कमी लोकांपर्यंत पोहोचलं आहे, म्हणून आधी ते सांगते.

फूल ही झाडाने बी धरण्यासाठी केलेली सोय असते. एका फुलातले परागकण दुसऱ्या फुलातल्या स्त्रीकेसरावर पोहोचले तर बी धरणार. झाड जागचं हलू शकत नाही, म्हणून हे काम ते कुणाकडून तरी करून घेतं. दिवसा मधमाश्या आणि फुलपाखरं असतात, पण त्यांना बोलावणारी फुलंही दिवसा भरपूर असतात. काही झाडांनी रात्रीची पाळी धरली. रात्री हिंडणारे पतंग हे त्यांचे पाहुणे. अंधारात लाल-जांभळा रंग कुचकामी, पांढरा तेवढा उठून दिसतो. दुरून वाट दाखवायला वास लागतो. मध नळीच्या तळाशी ठेवला की लांब सोंडेचा पतंगच तिथे पोहोचतो. मोगरा, जाई, जुई, रातराणी, निशिगंध अशी आपली संध्याकाळची फुलं आठवून पाहा. जवळजवळ सगळी पांढरी किंवा फिकट आणि सगळी घमघमणारी. प्राजक्त याच पंगतीतला. पांढऱ्या पाकळ्या, गोड वास आणि खाली नळी, तिन्ही गोष्टी त्याच्यापाशी आहेत.

संध्याकाळ झाली हे झाडाला कळतं कसं? वनस्पतींच्या पेशींमध्ये साधारण 24 तासांचं एक अंतर्गत घड्याळ चालतं. रोजचा उजेड आणि अंधार त्या घड्याळाचे काटे जुळवत राहतात. कळी कधी उमलायची, वास कधी सोडायचा, हे त्या घड्याळावर ठरतं. म्हणून प्राजक्ताच्या कळ्या दिवेलागणीनंतर उमलू लागतात आणि रात्र चढते तसा वास दाट होत जातो.

आता गळण्याकडे येऊ. फूल सांभाळणं झाडाला महागात पडतं. पाकळ्या हिरव्या पानांसारखं अन्न तयार करत नाहीत, उलट अन्न आणि पाणी दोन्ही खर्च करतात. उन्हात तर त्यांतून पाणी आणखी झपाट्याने उडून जातं. त्यामुळे पाहुण्यांची वेळ संपली की फूल ठेवून घेण्यात झाडाचा फायदा नसतो. ऑर्किडची फुलं आठवडेच्या आठवडे टिकतात, कारण तिथे योग्य कीटक कधी येईल याचा भरवसा नसतो. जास्वंद एका दिवसात मिटते. प्राजक्ताने एक रात्र पुरेशी मानली आहे.

फूल फांदीपासून सुटतं तेही आपोआप नाही. जोडाच्या जागी पेशींचा एक पातळ थर आधीपासून तयार असतो, टपाल तिकिटांच्या पानावर भोकांची रेघ असते तसा. पान, फळ किंवा पाकळी कामात असते तोवर तिच्याकडून ऑक्सिन नावाचं संप्रेरक झाडाकडे वाहत राहतं आणि जोड घट्ट राहतो. काम संपत आलं की हा प्रवाह आटतो आणि इथिलीनचा प्रभाव वाढतो. आंबे-केळी पिकवणारा वायू तो हाच. मग त्या थरातल्या पेशी विकरं सोडतात, दोन पेशींना चिकटवून ठेवणारं पेक्टिन विरघळतं आणि जोड सुटतो. त्यानंतर वारंही लागत नाही, फुलाचं स्वतःचं वजन पुरतं. वनस्पतींमध्ये गळण्याची यंत्रणा साधारण अशीच असते. प्राजक्तात ती ठरलेल्या वेळी आणि एकाच वेळी शेकडो फुलांत चालते, म्हणून सडा पडतो.

आणि गळतं ते नेमकं काय? हे पाहायला एक ताजं फूल तळहातावर घ्या. वर पाच ते आठ पांढऱ्या पाकळ्या, किंचित वळलेल्या, टोकाशी खाच असलेल्या. खाली केशरी देठ. हा देठ खरं तर देठ नाहीच. पाकळ्या खालच्या बाजूला एकमेकींना जुळून जी नळी तयार होते ती ही. नळीच्या तोंडाशी आत दोन पुंकेसर चिकटलेले दिसतील. आता या फुलात बीजकोश शोधा. सापडणार नाही, कारण तो फांदीवर, इवल्याशा हिरव्या पेल्यात मागे राहिलेला असतो. अंगणात पडलेलं असतं ते पाकळ्या आणि पुंकेसर एवढंच, म्हणजे रात्रीचं काम करून मोकळा झालेला भाग. रात्री परागकण पोहोचले असतील तर फांदीवरच्या बीजकोशाचं पुढे चपटं, हृदयाच्या आकाराचं हिरवं फळ होतं. वाळलं की ते तपकिरी होऊन दोन भागांत उकलतं आणि प्रत्येक भागात एक बी निघतं.

त्या दोन पुंकेसरांनी वनस्पतिशास्त्रज्ञांनाही बरीच वर्षं विचारात पाडलं होतं. मोगरा, जाई, जुई आणि भूमध्य सागराकडचं ऑलिव्ह हे सगळे एकाच कुळातले, आणि दोनच पुंकेसर ही त्या कुळाची खूण. पण प्राजक्ताच्या चौकोनी फांद्या आणि खरखरीत पानं पाहून काहींनी त्याला निर्गुडीच्या कुळात नेऊन बसवलं, काहींनी त्याच्यासाठी स्वतंत्र कुळच केलं. 2000 साली या गटाच्या डीएनएचा तुलनात्मक अभ्यास प्रसिद्ध झाला आणि प्राजक्त ऑलिव्हच्या कुळातलाच असल्याचं दिसलं. मोगऱ्याशी त्याचं नातं आहे, पण दूरचं. पानं इतकी खरखरीत आहेत की पूर्वी लाकूड घासून गुळगुळीत करायला ती वापरत. पान बोटांत धरून पाहिलंत तर लगेच पटेल.

या झाडाचं शास्त्रीय नाव आहे निक्टँथिस आर्बर-ट्रिस्टिस. लिनियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1753 साली ते दिलं. पहिल्या शब्दाचा अर्थ रात्री फुलणारं, पुढच्या दोन शब्दांचा अर्थ दुःखी झाड. स्वीडनमध्ये बसलेल्या लिनियसला आपल्या प्राजक्ताचं दुःख कुठून कळलं? त्याचा धागा गोव्यापर्यंत येतो. गार्सिया दा ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य सोळाव्या शतकात गोव्यात राहत होता. इथल्या औषधी वनस्पतींवर त्याने संवादाच्या रूपात लिहिलेलं पुस्तक 1563 साली गोव्यातच छापलं गेलं. भारतात छापल्या गेलेल्या सुरुवातीच्या पुस्तकांपैकी ते एक. त्यात एक अख्खं प्रकरण या ‘दुःखी झाडा’वर आहे. काही वर्षांतच त्या पुस्तकाचा लॅटिन संक्षेप निघाला आणि युरोपातल्या अभ्यासकांना गोव्याच्या परसातलं हे झाड ठाऊक झालं. पणजीतल्या नगरपालिकेच्या बागेला आज ओर्ताचं नाव आहे. त्याच्या मृत्यूनंतर, 1580 साली, इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, त्याची हाडं उकरून जाळली होती, हेही त्या बागेतून जाताना आठवावं असं आहे.

ओर्ताने इथल्या लोकांकडून ऐकलेली कथा नोंदवून ठेवली आहे. पारिजातक नावाच्या एका मोठ्या सरदाराची मुलगी सूर्याच्या प्रेमात पडली. सूर्याने तिला जवळ केलं आणि मग दुसरीसाठी सोडून दिलं. तिने जीव दिला. देशरिवाजाप्रमाणे तिचं दहन झालं आणि त्या राखेतून हे झाड उगवलं. म्हणून त्याच्या फुलांना सूर्याचं तोंड पाहवत नाही. साडेचारशे वर्षांपूर्वी गोव्यात कुणीतरी ओर्ताला ही गोष्ट सांगितली आणि तिच्यातलं दुःख लॅटिन नावात कायमचं कोरलं गेलं. कथा हृदयाला भिडते, तरी मला ते नाव झाडावर अन्याय करणारं वाटतं. दिवसा प्राजक्त रंग उडाल्यासारखा, धूळकट दिसतो हे खरं. पण नाव देताना त्याची रात्र जमेला धरायला हवी होती.

महाराष्ट्रात जास्त ओळखीची आहे ती कृष्णाची गोष्ट. नारदाने स्वर्गातलं पारिजाताचं फूल आणलं, कृष्णाने ते रुक्मिणीला दिलं आणि सत्यभामा रुसली. तिची समजूत काढायला कृष्णाने इंद्राशी युद्ध करून झाडच द्वारकेला आणलं आणि सत्यभामेच्या अंगणात लावलं. पुढचा भाग लोकांनी जोडलेला आणि सगळ्यात सुंदर आहे: झाड सत्यभामेच्या दारी, फुलं मात्र रुक्मिणीच्या अंगणात पडायची. प्राजक्ताच्या लवलेल्या फांद्या आणि हलकं फूल पाहिलेल्या माणसालाच असा शेवट सुचू शकतो. कुंपणाजवळ प्राजक्त असला की निम्मा सडा शेजाऱ्याकडे पडतो, हा अनुभव ज्याच्या दारी हे झाड आहे त्याला विचारा. झाड कुणाच्याही मालकीचं असो, फुलांवर हक्क सांगता येत नाही, हे ही गोष्ट रचणाऱ्यांनी किती सहज सांगून ठेवलं आहे.

पुराणातला पारिजात म्हणजेच आपला प्राजक्त का, हा मात्र गुंतागुंतीचा प्रश्न आहे. अमरकोशात पाच देववृक्ष सांगितले आहेत: मंदार, पारिजातक, संतान, कल्पवृक्ष आणि हरिचंदन. त्याच कोशात वनौषधींच्या वर्गात ‘पारिजातक’ हे नाव पारिभद्राला दिलं आहे, आणि पारिभद्र म्हणजे लालभडक फुलांचा आपला पांगारा. विष्णुपुराणातल्या पारिजाताची साल सोन्यासारखी, कोवळी पालवी तांब्याच्या रंगाची. प्राजक्ताला यातलं काहीच लागू होत नाही. संस्कृतात प्राजक्ताचं नेहमीचं नाव शेफालिका. बंगाली शिउली त्यातूनच आली. उत्तर प्रदेशात बाराबंकी जिल्ह्यातल्या किंटूर गावी पारिजात म्हणून पूजलं जाणारं प्रचंड झाड आहे, ती तर गोरखचिंच, मूळची आफ्रिकेतली. तिचीही फुलं पांढरी, रात्री उमलणारी आणि लगेच गळणारी असावीत, हा योगायोग मला विलक्षण वाटतो.

म्हणजे पारिजात हे नाव कमीत कमी तीन झाडांवर वस्तीला आलं. माझा अंदाज असा, की स्वर्गातून पृथ्वीवर येणाऱ्या फुलाची कथा लोकांना रोज डोळ्यांसमोर घडताना पाहायची होती. वरून खाली येणारं सुवासिक फूल म्हटल्यावर प्राजक्ताइतकं चपखल दुसरं कोणतं? पांगारा दिसायला देखणा, पण त्याला वास नाही. कथेने आपल्याजोगं झाड निवडलं असं मी मानते. त्यामुळे प्राजक्ताची पूजा करणाऱ्याची काही फसगत झाली असंही मला वाटत नाही.

प्रतीक म्हणूनही हे फूल प्रदेशागणिक थोडं बदलतं. बंगालमध्ये शिउली हे राज्यफूल आहे. तिकडे त्याचा दरवळ आला म्हणजे शरद आला आणि दुर्गापूजा तोंडावर आली. तिथे ते माहेरी येणाऱ्या दुर्गेच्या स्वागताचं फूल आहे, उदासीचा मागमूस नाही. उत्तरेत हेच हरसिंगार. तमिळमध्ये नावातच पोवळं आहे, पवळमल्ली, कारण त्यांची नजर आधी केशरी नळीवर गेली. मराठी मनात मात्र प्राजक्त मुख्यतः न मागता देणारा आणि काही धरून न ठेवणारा.

केशरी नळीची गोष्ट स्वतंत्रपणे सांगण्याजोगी आहे. पाकळ्या वाळून तपकिरी झाल्या तरी ती नळी रंग सोडत नाही. त्या रंगामागचं द्रव्य क्रोसेटिन. अस्सल काश्मिरी केशराचा रंगही यापासूनच येतो. केशरात क्रोसेटिनला साखरेचे रेणू जोडलेले असतात, त्या संयुगाला क्रोसिन म्हणतात. साखर जोडलेली असल्यामुळेच ते पाण्यात विरघळतं आणि केशर दुधात टाकलं की दूध पिवळं होतं. प्राजक्ताच्या नळीतही क्रोसेटिन असंच साखरेला जोडलेल्या रूपात असतं. केशर आणि प्राजक्त यांचं नातं मात्र काहीच नाही. केशर लसूण-कांद्याच्या बाजूचं, एकदल वनस्पतींतलं, प्राजक्त द्विदल. आणखी एका झाडात हाच रंग सापडतो: आपल्या अनंताच्या एकेरी जातीच्या फळांत. तीन वेगळ्या घराण्यांनी एकच रंग स्वतंत्रपणे बनवायला शिकावं, ही उत्क्रांतीतली मोठी मौजेची गोष्ट आहे. केशराचा वास आणि चव मात्र प्राजक्तात नाही. ती देणारी द्रव्यं वेगळी.

हा रंग लोकांनी भरपूर वापरला. नळ्या तोडून सावलीत वाळवायच्या, पाण्यात उकळायच्या आणि गाळलेल्या पाण्यात रेशीम किंवा सुती कापड बुडवायचं. सुंदर केशरी-पिवळा रंग चढतो. बौद्ध भिक्षूंची वस्त्रं रंगवायलाही तो वापरात होता. ओर्ताने तर गोव्यात अन्नाला केशरासारखा रंग आणायला ही नळी वापरतात असं लिहिलं आहे. हा रंग उन्हात टिकत नाही, लवकर विटतो. घरी रंगवून पाहायचं असेल तर कापड सावलीत वाळवा.

चातुर्मासात प्राजक्ताची लाखोली वाहण्याची पद्धत अजून आहे. एक लाख फुलं देवाला वाहायची. चार महिन्यांवर वाटणी केली तर रोजची आठशेच्या वर फुलं होतात, आणि झाड सगळे चार महिने सारखं फुलत नाही, म्हणजे ऐन बहरात याहून जास्त वेचावी लागतात. एका झाडावर हे भागत नाही. मग शेजारची, पलीकडच्या आळीतली झाडं आली. भल्या पहाटे बायका परड्या घेऊन एकमेकींच्या अंगणात जातात, शंभर-शंभरांचे ढीग करून मोजतात, उरलेली दुसरीला देतात. तोडून आणायच्या फुलांचं असं व्रत करायचं तर झाडं ओरबाडली गेली असती. इथे झाडाला हात लागत नाही आणि बीजकोश फांदीवर सुखरूप असतो. व्रत ठरवणाऱ्यांना वनस्पतिशास्त्र ठाऊक असो वा नसो, निवड अचूक केली.

औषध म्हणून पानांचा काढा जुना आहे. आयुर्वेदात तो गृध्रसीवर, म्हणजे कंबरेतून पायात उतरणाऱ्या कळेवर सांगितला आहे, तापावरही देतात. चव अतिशय कडू. वैद्यांच्या सल्ल्याने घ्यावा, आणि मलेरिया-डेंगी अशा तापात रक्ततपासणी आणि डॉक्टर सोडून या काढ्यावर विसंबू नये. मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांमुळे लोक असं करतात, म्हणून मुद्दाम लिहिते.

दारी प्राजक्त लावायचा असेल तर फार नखरे नाहीत. मध्य भारतातल्या आणि हिमालयाच्या पायथ्याच्या कोरड्या टेकड्यांवर तो रानात आपोआप वाढतो, त्यामुळे मुरमाड जमीनही चालते. पाणी साचलेलं चालत नाही. ऊन भरपूर हवं. सूर्यावर रुसलेलं झाड म्हणून त्याला सावलीत लावण्याची चूक करू नका, रात्री फुलण्यासाठी लागणारं अन्न ते दिवसाच्या उन्हातच बनवतं. झाडाखाली फरशी किंवा स्वच्छ माती ठेवा, किंवा रात्री जुनी चादर पसरा, म्हणजे सकाळी चिखलातून वेचावं लागणार नाही. फुलांचे झुबके नव्या फांद्यांच्या टोकांशी येतात, म्हणून बहर संपल्यावर छाटणी करा, पावसाळ्याच्या तोंडावर नको. हिवाळ्यात फांद्यांवर तपकिरी चपटी फळं दिसू लागली की काही उतरवून ठेवा. ती उकलली की आतलं बी पहिल्या पावसानंतर पिशवीत लावता येतं.